पालीचा उपास

आमचे हे, म्हणजे भुजबली, चौतीस वर्षं सदलग्यात एका सहकारी सोसायटीचे सेक्रेटरी होते. रिटायर झाले आणि दुसऱ्याच दिवसापासून माझ्या स्वयंपाकघराची तपासणी सुरू झाली. डाळीचे डबे असे का लावले, दूध दोनदा का तापवलं, कोथिंबीर एवढी कशाला आणली. महिनाभर ऐकून घेतलं. मग बेंगळूरला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलाला, अरिहंतला, फोन लावला. "बाळा, तुझ्या वडिलांना कायतरी पाळायला घेऊन दे, न्हायतर मी माहेरी जाते. आणि माहेरी आता कोण बी न्हाय."

पण जैनाच्या घरात पाळायचं तरी काय? मांजर उंदीर धरतं. कुत्रं गल्लीतून हाडूक घेऊन उंबऱ्यावर बसतं. माशांना वाळके किडे लागतात. पोपट पिंजऱ्यात कोंडणं ह्यांना पटेना. गाय म्हटलं तर शेण मी काढायचं, हे न बोलताच ठरलेलं. शेवटी अरिहंतनेच शोध लावला, की फळांवर जगणारी एक परदेशी पाल असते.

"पाल?" मी किंचाळले. भिंतीवर पाल दिसली तर ती जायची वाट मी बघत नाही, मीच जाते.

"शाकाहारी हाय ती, कांता," हे म्हणाले, चांगलं स्थळ सांगून आल्यासारखे.

बेळगावात मंथन नावाच्या पोराचं दुकान होतं. तिथे ह्यांनी पाच पाली तपासल्या. डोळे स्वच्छ आहेत का, शेपटीचं मूळ भरलेलं आहे का, काचेवर चढताना पाय घसरतो का. कागदपत्रं दोनदा वाचली. खाण्याच्या पुडीवर हिरवा ठिपका नाही म्हणून मंथनचं डोकं खाल्लं. एका पुडीत वाटलेले किडे निघाले, दुसरीत मध. आमच्यात मधही चालत नाही. तिसरी पास झाली. निवडलेली पाल शेपटीसकट वीतभरही नव्हती; बटाट्याचा रंग, बाहेर आलेले डोळे आणि त्यांवर काट्यांच्या भुवया. तिचं नाव ह्यांनी स्वरूपा ठेवलं.

काचेची पेटी बाहेरच्या सोप्यात आली. आत फांद्या, पानं. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा मारायचा, कारण ती काचेवरचे थेंब चाटते. खोली तापू द्यायची नाही. शेपटी धरायची नाही, तुटली तर पुन्हा येत नाही. दर रविवारी तिला वाटीत बसवून माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचं. तो काटा मी ह्यांनाच देऊन टाकला. डब्यांची तपासणी बंद झाली होती, त्यापुढे काटा म्हणजे काय?

आता आमच्या घरचा नेम. सूर्य बुडाला की तोंडात काही जात नाही, पाणीसुद्धा नाही. ह्यांनी तर मुनिमहाराजांसमोर शपथ घेतलेली: रात्री खायचं नाही, कुणाला खायला घालायचं नाही, आणि खाणाऱ्याला बरं म्हणायचं नाही. मग पालीला वेगळा न्याय कसा? पूड पाण्यात कालवून सकाळी वाटी आत ठेवायची आणि सूर्य बुडायच्या आत बाहेर काढायची.

वाटी रोज जशीच्या तशी बाहेर यायची. स्वरूपा दिवसभर पानामागे डोळे उघडे ठेवून निश्चल बसलेली. दहा दिवस झाले आणि हे अगदी हेलावून गेले.

"चातुर्मास हाय, कांता. तिनं उपास धरलाय!"

बातमी गल्लीभर झाली. शेजारची राजाबाई दर्शनाला आली, पेटीपुढे तांदूळ वाहिले आणि म्हणाली, "मागच्या जन्मी कोणतरी मोठा जीव असणार बघा." खोटं कशाला बोलू, मीही हात जोडले. दारातूनच.

तिसऱ्या रविवारी काटा बोलला. बावीस ग्रॅमची स्वरूपा अठरावर आली होती. ह्यांचं तोंडच उतरलं. लगेच मंथनला फोन.

"काका, ती रात्रीच खाती!" मंथन ओरडला. "दिवसा झोपलेली असती. डोळं मिटत न्हाय, कारण तिला पापण्याच न्हाईत!"

हे खुर्चीत बसले ते उठेचनात. वाटी रात्री ठेवावी तर शपथ मोडते, न ठेवावी तर जीव जातो. मी ठेवते म्हटलं, तर तेही नाही. मी केलेलं ह्यांनी बघितलं, तरी ते ह्यांच्याच खात्यावर. "परत देऊन येतो तिला," म्हणाले आणि तोंड वळवून डोळे पुसले. मला वाईट वाटलं. पालीचं नाही, ह्यांचं.

"परत कशाला देताय? तिची रात्र दुपारी करा की," मी म्हटलं. "रातभर पेटीवर दिवा लावा, दिवसा काळं कापड घाला. तिला काय कळतंय? सूर्य तर वर असतोय."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की तसं लग्नातही बघितलं नव्हतं. सेक्रेटरीच ते, ताबडतोब वेळापत्रक करून भिंतीला लावलं. चार दिवस काहीच झालं नाही. वजन सतरा. ह्यांना घास गिळेना. पाचव्या दिवशी दुपारी तीन वाजता हे कापडाखाली डोकं घालून बसले होते, ते हळूच म्हणाले, "चाटतीया गं." बाहेर आले तेव्हा डोळे भरलेले. "लई उपाशी हुती बिचारी. घरात असून आपल्याला कळलं न्हाय."

का कोण जाणे, माझं डोकंच फिरलं.

"पालीचं पाच ग्रॅम कमी झालं तर तुमच्या डोळ्यात पाणी? आणि मी? एकतीस वर्षं तुम्हाला वाढा, तुमच्या आईला वाढा, पोराला वाढा, आलेल्या पावण्याला वाढा, आणि माझं ताट घ्यायला जावं तर सूर्य बुडालेला! आठवड्यातनं दोनदा तरी तशीच झोपले मी. मला कुणी वाटीत बसवून तोललं व्हय?"

ह्यांनी पेटीवरचं कापड नीट केलं. मग म्हणाले, "बोलली का न्हाईस?"

"स्वरूपा तरी कुठं बोलली?"

त्या दिवशी साडेपाचला हे स्वयंपाकघरात आले. मला वाटलं, तपासणी परत सुरू. तर ह्यांनी पाट मांडला, ताट घेतलं आणि म्हणाले, "बस. माझं मागनं." भाकरी वाढताना अर्धी खाली पडली, आमटी ताटाबाहेर गेली. मी मुद्दाम सावकाश जेवले. हे पळी हातात धरून उभे, एक डोळा खिडकीतल्या उन्हावर.

"अजून एक भाकरी घे. येळ हाय."

घेतली. आमटीत मीठ कमी होतं. केली मीच होती, तरी ह्यांनाच बोलले.