धोंड्याच्या जेवणाला दोन गाड्या

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं ज्यानं म्हणून ठेवलं त्याला बहुतेक एकच जावई असावा. किशनरावांना दोन होते, आणि अधिक महिन्यातल्या एकाच रविवारी दोघंही धोंड्याच्या जेवणाला येणार होते. एक लातूरहून, दुसरा नांदेडहून. दोघांच्या गाड्यांना दोनच दारं आणि दोनच सीटा, आणि उंची एवढी की गल्लीतल्या कुत्र्यानं मान वर केली तर टपावरून पलीकडचं दिसावं. असल्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणतात. यात खेळ नेमका कुणाचा होतो, ते घरातल्या बायकांना विचारावं.

शिल्पा ही थोरली लेक. तिचा नवरा वैजनाथ लातुरात डॉक्टर होऊ बघणाऱ्या पोरांचा क्लास चालवायचा. निकाल लागला की चौकाचौकात फलक लागायचे. त्यावर पास झालेल्या पोरांचे चेहरे पासपोर्टएवढे आणि वैजनाथचा चेहरा परातीएवढा. धाकट्या पुनमचा नवरा दयानंद नांदेडकडचा रस्त्यांचा कंत्राटदार. आपण केलेल्या एकाही रस्त्यावर आपली गाडी चालत नाही, हे तो स्वतःच हसत हसत सांगायचा. त्यात हसण्यासारखं काय आहे, हे कुणी त्याला विचारलं नव्हतं.

शिल्पाला त्या दिवशी नवऱ्याच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं. ‘मामा, आमच्याकडे चला.’ बस्स. आई गेल्यापासून तिचे अण्णा, म्हणजे किशनराव, चाकूरजवळच्या त्या गावात एकटेच राहत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आता आणखी थांबू नका, असं लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑपरेशन झाल्यावर कुणाच्या तरी घरी पडून राहणं भाग होतं, आणि अण्णा तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा बेतानं पिणारे. महिनोन्‌महिने मिनतवाऱ्या केल्यावर ते एवढंच कबूल झाले होते की जावयानं स्वतःच्या तोंडानं बोलावलं तर येईन, लेकीच्या म्हणण्यावर येणार नाही. जुन्या माणसाची अट म्हटली तर केवढी, म्हटली तर तीन शब्दांची.

ते तीन शब्द शिल्पा वैजनाथला आठवडाभर पढवत होती. तो म्हणायचा, “त्यात काय, म्हणतो की,” आणि पुन्हा फोनवर दयानंदच्या पिवळ्या गाडीच्या मागच्या दिव्यांचे फोटो मोठे करकरून बघत बसायचा. घरची मोठी गाडी काढू, अण्णांना येताना सोबतच आणू, हेही तिनं सांगून पाहिलं. पण दयानंद पिवळी घेऊन निघालाय, अशी खबर पुनमकडून आली आणि मोठ्या गाडीचा विषय तिथंच संपला. साडू पिवळ्या गाडीतून येणार आणि आपण सात माणसांच्या डब्यातून, म्हणजे काय इज्जत राहिली? सासऱ्याचे डोळे काय, पुढच्या आठवड्यातही तेवढेच खराब असणार होते.

दोन्ही गाड्या गावात शिरल्या त्या वरातीसारख्या, म्हणजे पायी चालणाऱ्यांच्या मागून. घरापुढच्या मोरीशी येऊन दोघी थांबल्या. ज्या मोरीवरून बैलगाडी, ट्रॅक्टर, उसाची ट्रॉली आणि आईची तिरडी विनातक्रार गेली होती, तिच्यावरून या गाड्यांचं पोट जाईना. शेवटी गोठ्यातल्या फळ्या आणून टाकल्या आणि दोन्ही जावई अंगुलभर वेगानं सासरी दाखल झाले.

शेजारच्या विठाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. आता माणसं आत जाऊन टेकतील, म्हाताऱ्याची विचारपूस करतील, असं वाटत होतं. पण साडूंनी बुटांच्या नाड्यासुद्धा सोडल्या नाहीत. दयानंदनं वैजनाथच्या लाल गाडीभोवती एक चक्कर मारली आणि नाक गाईसारखं लांबट आहे, असा अभिप्राय दिला. वैजनाथनं पिवळीचं तोंड बघून, हिला कुणी थोबाडीत मारलीय का, अशी चौकशी केली. मग दारांची पाळी. लालचं दार लागताना भरल्या पोत्यासारखं धप्प वाजायचं, पिवळीचं जरा हलकं. तो आवाज हलका नाही, सफाईदार आहे, असं दयानंदचं म्हणणं. दोघांनी ती दारं इतक्यांदा लावली-उघडली की आतल्या खोलीत पुरण वाटणारी पुनम दर वेळी दचकायची.

नंतर वैजनाथनं देवळीतली कुणाची तरी लग्नपत्रिका उचलली आणि पिवळीच्या बॉनेटच्या फटीत घालून बघितली. ती आरपार गेली. एखाद्या पोराला कॉपी करताना पकडल्यागत त्याचा चेहरा खुलला. दयानंदनं लगेच लालचा डॅशबोर्ड बोटाच्या पेरांनी ठोकून बघितला, बाजारात कलिंगड बघतात तसा, आणि आत नुसतं प्लास्टिक आहे, असा निकाल दिला. गादीची शिवण, रंगाचा थर, आरशाचा थरथराट, सगळं सगळं तपासून झालं. दुसऱ्याच्या गाडीतलं कुसळ शोधायला दोघांची नजर घारीची होती.

पंच म्हणून ओट्यावर अण्णांना बसवलं होतं. रेषा कुणाच्या झोकदार, मामा? मागनं बघा, मागनं कोणती भारी दिसते? अण्णा डोक्यावरचा पटका सारखा करत म्हणायचे, “लई देखण्या हायत. दोन्ही.” जावयांना वाटायचं, म्हातारा धोरणी आहे, कुणाला दुखवत नाही.

जेवायला पाट मांडले. अधिक महिन्यात जावई विष्णूच्या जागी असतो, म्हणून त्याला दिवा लावून ताटातलं वाण द्यायचं, धोंडे वाढायचे. विष्णू दोन असले की त्यांच्यात शंखाच्या क्वालिटीवरून वाद होतो, हे मात्र पोथीत कुठं लिहिलेलं नाही. पुरणाचे धोंडे तुपात बुडवत दोघं कार्बन फायबरबद्दल बोलत होते. शिल्पा वाढताना वैजनाथकडे बघून डोळ्यांनी खुणावत राहिली. आता म्हणा. अण्णा समोर बसलेत, तोंड गोड झालंय, आता म्हणा. वैजनाथला ती खूण कळली असं वाटलं. तो तिच्याकडे झुकला आणि हळूच म्हणाला, “बघितला मी. मागच्या चाकावर ओरखडा आहे त्याच्या.”

तिला ताट त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. तिनं आणखी एक धोंडा वाढला.

ऊन कललं तशी निघायची वेळ झाली. गाड्या पहिल्यांदाच दारात आल्या होत्या, त्यांची पूजा केल्याशिवाय अण्णा कशा जाऊ देणार? विठाबाईनं कुंकवाची बोटं ओढली, चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ फोडायचा मान घरच्या कर्त्याचा. पहिली पाळी थोरल्या जावयाची, म्हणून लाल गाडीच्या तोंडाशी एक काळा दगड ठेवला. अण्णा वाकले, डाव्या हातानं चाचपत दगड शोधला, बोटांना थंड, टणक काहीतरी लागलं, आणि उजव्या हातानं त्यांनी शेतकऱ्याच्या सगळ्या ताकदीनिशी नारळ हाणला.

नारळ फुटला नाही. गाडी फुटली.

ती जमिनीपासून इतकी खाली होती की तिचा पुढचा काळा ओठ नेमका दगडाच्या उंचीला आला होता. ज्या कार्बन फायबरची वैजनाथ सकाळपासून आरती करत होता, त्याचा तुकडा अण्णांच्या पायाशी पडला, आणि नारळ शेंडीसकट गडगडत पिवळीखाली गेला. बांधणी कुणाची पक्की, याचा निकाल एकदाचा लागला. नारळाची.

वैजनाथचा तोल सुटला. “अहो मामा, हे काय ट्रॅक्टर आहे का? बघून तरी मारायचं!” सगळी गल्ली ऐकत होती. क्लासमधल्या पोरावर ओरडावं तसा तो ओरडला, आणि वाकून तो तुकडा जागेवर बसतो का बघू लागला.

शिल्पा तुकड्याकडे बघत नव्हती. दगड होता तिथंच होता, अण्णांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, त्यावर विठाबाईनं वाहिलेली हळद पिवळीधमक दिसत होती. ती बापाजवळ खाली बसली.

“अण्णा, दगड दिसला न्हाई तुमाला?”

“दिसला असता तर गाडीवर मारला असता का, माय?” ते हळू आवाजात म्हणाले. “चार-दोन महिने झालं. उजेड-अंधार कळतोय. मानूस आवाजावरनं वळखतो. ते सांगून तुमाला कामून रडवायचं, म्हनून बोललो न्हाई.”

सकाळपासून ज्या माणसाला दोन गाड्यांच्या रेषा विचारून भंडावलं होतं, त्याला दोन गाड्या उभ्या आहेत एवढंच ठाऊक होतं, तेही दारांच्या आवाजावरून. शिल्पाला रडू आवरेना. आईविना एकटा म्हातारा चाचपत चूल पेटवत होता, आणि आपण लातुरात बसून फोनवर ‘बरं हाय’ एवढं ऐकून निर्धास्त झोपत होतो.

दयानंदला म्हाताऱ्याच्या डोळ्यांपेक्षा एक संधी स्पष्ट दिसली. समोर साडूची गाडी फुटलेली, साडूनं सासऱ्यावर तोंड टाकलेलं. असा मोका कंत्राटदार सोडत नसतो. तो पुढं झाला, फुटक्या ओठाकडे एक दयेची नजर टाकली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मामा, मी बोलून राहिलो ना, तुमी चला नांदेडला. माझ्या गाडीत बसा. माझ्याकडं कुणी तुमच्यावर आवाज न्हाई करनार.”

वैजनाथ ताडकन उभा राहिला. हातातला तुकडा हातातच. “नांदेडला कशाला? डॉक्टर लातूरचे आहेत. मामा, आमच्याकडे चला.”

शिल्पानं ते वाक्य ऐकलं. शब्दन्‌शब्द तेच, जे ती आठवडाभर घोकून घेत होती. आलं तेव्हा मात्र ते साडूच्या अंगावर फेकलेलं होतं, बापाला नुसतं वाटेत लागलं होतं. तिला जराही बरं वाटलं नाही. दोघं मग पुन्हा सुरू झाले. कुणाची गादी मऊ, कुणाचा एसी गार, कुणाच्या गाडीत कंबरेला धक्के कमी बसतात. फरक एवढाच की आता गाड्यांच्या यादीत सासऱ्याचीही भर पडली होती.

अण्णांनी काठी टेकली आणि उठून उभे राहिले. ज्या बाजूनं आवाज येत होता तिकडे तोंड केलं.

“दोघानी बी बोलावलं, माझा मान ऱ्हायला. पर तुमच्या गाडीत दोनच शीटं हायत असं लेकीनं सांगितलंय. मला बसवायचं मंजी तिला उतरवावं लागंल. लेकीला उतरवून मी न्हाई बसत कुनाच्या गाडीत.”

दयानंद किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला. पुनम दाराच्या चौकटीत पदर तोंडाला लावून उभी होती. नवऱ्याला काही सांगावं असं तिच्या मनात आलं असेल, पण ती सांगण्यातली नव्हती.

शिल्पा आत गेली. दोन धोतरं, टॉवेल, आईचा फोटो, डॉक्टरांचे कागद असं पिशवीत भरून बाहेर आली आणि बापाचा हात धरला. “जावयानं बोलावलंय अण्णा. अट फिटली. कुठल्या गाडीतनं यायचं, ते काही अटीत नव्हतं. आपण यष्टीनं जाऊ.”

अण्णा हसले. आईच्या माघारी ते असे हसलेले शिल्पानं बघितले नव्हते.

वैजनाथला तिनं सांगितलं तेव्हा तो नाही म्हणेल, अशी आशा तिला अजूनही होती. लाल गाडी इथंच राहू दे, मीही तुमच्याबरोबर येतो, असं म्हणेल. बायका फार आशाळभूत असतात. वैजनाथ म्हणाला, “बरंच होईल. पुढचा भाग लटकतोय, वजन कमी असलेलं चांगलं.” आणि वाणाचं ताट, धोंड्यांचा डबा, असं सगळं त्यानं तिच्या सीटवर ठेवलं आणि सांडू नये म्हणून पट्टा लावला.

चाकूरला यष्टी मिळाली. गर्दी होती, पण एका पोरीनं अण्णांना खिडकीची जागा दिली. शिल्पा शेजारी उभीच राहिली. लाल गाडी केव्हाच पुढं निघून गेली होती. अण्णा खिडकीच्या गजांवर कपाळ टेकून वारा खात होते. लातूर किती बदललं असेल गं, असं विचारत होते. पट्टी काढली की आधी लातूरच्या घरी राहिलेल्या दोन्ही नातवंडांची तोंडं बघणार, मग बाकीचं गाव, असं त्यांचं ठरलं होतं.

अर्ध्या वाटेत तिचा फोन वाजला. वैजनाथ. तिनं लगबगीनं कानाला लावला. त्याचा राग निवला असेल, चुकलं म्हणेल, निदान पोचलात का म्हणेल.

वैजनाथनं विचारलं, दयानंदनं फुटलेल्या भागाचा फोटो काढला होता का, ते पुनमला विचारून सांग. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायच्या आत काहीतरी केलं पाहिजे. शिल्पा म्हणाली, अहो, अण्णांना काहीच दिसत नाही, महिनोन्‌महिने दिसत नाही. तो म्हणाला, हो हो, ते बघू आपण, पण आधी पुनमला फोन कर.

तिनं फोन पिशवीत टाकला.

“जावई का?” अण्णांनी मान वळवून विचारलं. “काय मनले?”

यष्टीत सगळी अनोळखी माणसं होती. शिल्पानं पदरानं तोंड पुसलं.

“विचारत होते, अण्णांना जागा मिळाली का.”

अण्णांचा चेहरा उजळला. “बगा,” ते शेजारच्या प्रवाशाकडे तोंड करून म्हणाले, “रागात बोलला असंल, पर मानूस लई मायाळू हाय. हिच्या आईनं बघून दिलाय तो.”

शेजारच्या जागेवर प्रवासी नव्हता. तो मागच्या थांब्यावर, ती फोनवर असताना उतरला होता. शिल्पा त्या रिकाम्या जागेवर बसली आणि म्हणाली, “हाव, अण्णा.”