शेंड्याचे चार शब्द

सात जणांच्या रग्बीचा सामना चौदा मिनिटांत आटोपतो. तेवढ्यात धड भातसुद्धा शिजत नाही. पण ती चौदा मिनिटं आख्खा देश जीव मुठीत धरून बसतो. आजचा चार वाजताचा सामना तर असा होता, की जो हरेल त्याला पुढच्या वर्षापासून या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं दार बंद. आणि सव्वातीन वाजता टीमची डॉक्टर मैदानाखालच्या बिनखिडकीच्या खोलीत, हातात कागद घेऊन आपल्या सख्ख्या धाकट्या भावासमोर बसली होती.

घरात तो शेंडेफळ, म्हणून टीमनं त्याचं नाव शेंड्या पाडलं होतं. टीममध्ये त्याच्यापेक्षा वेगानं पळणारं कुणी नव्हतं. सकाळच्या सामन्यात एका धिप्पाड गड्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला होता. तो लगेच उठला, हसला, पुढे खेळलाही. पण स्पर्धेच्या डॉक्टरनं ते पडद्यावर पाहिलं आणि डोक्याची चाचणी घ्यायला सांगितली.

चाचणी साधी असते. दहा शब्द वाचून दाखवायचे, खेळाडूनं ते परत सांगायचे. जितके आठवतील तो त्याचा आकडा. मोसमाच्या सुरुवातीला, सगळे ठणठणीत असताना, प्रत्येकाचा असाच आकडा घेऊन ठेवलेला असतो. मार लागल्यावर आकडा त्याखाली गेला तर खेळाडू बाहेर.

शेंड्यानं पाच शब्द सांगितले. सुरुवातीचा त्याचा आकडा होता चार.

"बघ, वाढला," शेंड्या म्हणाला. "चल, बूट घालू दे."

डॉक्टरनं त्याला बूट घालू दिले नाहीत. कारण तो चार कुठून आला होता ते तिला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी असाच एक मार लागला, आकडा दोनानं घसरला आणि शेंड्याला महत्त्वाच्या सामन्याला घरी बसावं लागलं. तो तीन दिवस जेवला नव्हता. तेव्हा तिनंच, बहिणीच्या मायेनं म्हणा किंवा मूर्खपणानं म्हणा, त्याला सांगितलं होतं, की पुढच्या वेळी सुरुवातीलाच थोडे कमी सांग. शेंड्याच्या पोटात काही राहत नाही. त्यानं ते सगळ्यांना सांगितलं. या मोसमात राखीव धरून बाराही जण तिच्यासमोर एकेक करून बसले, डोकं खाजवत चार-पाच शब्द सांगून, हसू दाबत उठून गेले. तिनंही हसून ते लिहून घेतलं. त्या दिवशी खोलीत नुसती धमाल होती.

आज शेंड्या हसला नव्हता. कपाळावर आठ्या, मुठी आवळलेल्या, जीव तोडून तो आठवत होता. तेव्हा चार त्यानं ठरवून सांगितले होते. आज त्याच्याकडे पाचच होते.

"तू आपणहून सांग, की मला बरं वाटत नाहीये," ती म्हणाली. "मी तुझ्या पाया पडते."

"वेड लागलंय का तुला? ही मॅच गेली तर टीम संपली. आणि मला काही झालेलं नाही."

ती धावत मास्तरांकडे गेली. मास्तर म्हणजे टीमचे कोच. जुने, सरळ गृहस्थ, पण आज त्यांचंही तोंडचं पाणी पळालं होतं.

"आकडा काय म्हणतो, डॉक्टर?"

"आकडा ठीक आहे. पण मास्तर, माझं ऐका..."

"मग ठीक आहे. तुम्ही आज बहीण होऊन बघताय. म्हणून तर त्याच्याबाबतीत तुमची सही चालत नाही ना?"

ते खरंच होतं. नातेवाइकाचा शब्द नियमात बसत नव्हता. फक्त आकडा बघायचा आणि स्पर्धेच्या डॉक्टरनं सही करायची. सामना सुरू व्हायला पंचवीस मिनिटं उरली होती.

ती स्पर्धेच्या डॉक्टरच्या टेबलापाशी गेली, तेव्हा त्यानं पेनाचं टोपण काढलेलं होतं.

"सही करू नका," ती म्हणाली. "त्याचा सुरुवातीचा आकडा खोटा आहे. मला माहीत होतं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग फाईल ओढून बाकीचे कागद उलटले. चार. चार. पाच. चार.

"फक्त याचाच?"

एक 'हो' म्हटलं असतं तर बाकीच्या अकरा जणांना तरी खेळता आलं असतं. पण जे कागद समोर उघडे पडले होते, त्यांच्यावर कसलं पांघरूण घालणार?

"सगळ्यांचे," ती म्हणाली.

पावणेचारला निकाल लागला. टीम बाद, समोरचे न खेळताच विजयी. खेळाडू मनगटाच्या पट्ट्या सोडत बसले. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते. तिला कुणी शिवीसुद्धा दिली नाही, आणि तेच तिला सोसवेना. शेंड्या मात्र बोलला.

"आजपासून तू माझी कुणी नाहीस."

तरी तिनं त्याला धरून मैदानाखालच्याच दवाखान्याच्या खोलीत नेलं आणि खाटेवर झोपवलं. रुग्णवाहिका यायला निघाली होती. वर प्रेक्षक पाय आपटत होते, छत हादरत होतं.

"ताई, मॅच किती वाजता?" शेंड्यानं विचारलं.

तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "मॅच नाही रे. आपण बाद झालो. मी त्यांना सगळं सांगून टाकलं."

त्याचा चेहरा उतरला. तो ओरडला, रडला, तिचा हात त्यानं झिडकारला. थोड्या वेळानं त्यानं मान वळवली.

"ताई, मॅच किती वाजता?"

तिनं पुन्हा सांगितलं. तो पुन्हा तसाच रडला, जणू पहिल्यांदाच ऐकत होता. तिसऱ्या वेळी त्याची जीभ जड झाली होती. तिला वाटलं, देवा, आता पुरे, आणखी एकदा मला हे सांगता येणार नाही.

मग त्यानं विचारलंच नाही. डोळे उघडे होते, छताकडे लागलेले. एक मिनिट गेलं, दोन गेली. तिनं त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली. एक बाहुली लहान झाली, दुसरी झाली नाही; आत मेंदूत रक्त साचत होतं.

"विचार ना रे," ती त्याचा हात चोळत म्हणाली. "किती वाजता आहे, विचार ना मला."