दीड सेंटिमीटर

कंपनीच्या तपासणीच्या खोलीतला तो जिना सुताराने स्वतःच्या हातांनी केला होता. कुठेही न जाणारा जिना. चार पायऱ्या चढायच्या, वरच्या फळीवर क्षणभर उभं राहायचं आणि आल्या वाटेने खाली उतरायचं. तयार जिना फार महाग पडत होता, म्हणून कंपनी उभी करणाऱ्या डॉक्टरबाईंनी कागदावर मापं काढून दिली आणि बजावलं, "मिस्त्री, प्रत्येक पायरी पंधरा सेंटिमीटर. साडेचौदा नको, साडेपंधरा नको. औषधाचा गुण आम्ही याच जिन्यावर मोजणार आहोत."

सुतार हसला होता. "मॅडम, माझी मुलगी चढणार आहे त्याच्यावर. केसाएवढा फरक निघाला तर मजुरी देऊ नका."

मजुरी त्याने तशीही घेतली नव्हती.

त्याची थोरली मुलगी, घरात सगळे तिला माऊ म्हणत, तेव्हा आठ वर्षांची होती. पाचव्या वर्षी ती जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकू लागली. "बघा, म्हातारीची नक्कल करते," म्हणून आईने कौतुक केलं, आल्यागेल्याला दाखवलं. तीनचार महिने घरभर त्या नकलेवर हसणं चाललं होतं. ती नक्कल नव्हती, हे डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसानंतर माऊच्या आईला स्वतःचं ते हसणं कधी विसरता आलं नाही. शरीरातल्या एका जनुकात चूक होती आणि त्या चुकीपायी स्नायू हळूहळू विरत चालले होते. धाकट्याच्या, टिल्लूच्या, रक्तातही तीच चूक निघाली. तो तीन वर्षांचा होता आणि त्याचे पाय अजून कशालाही जुमानत नव्हते.

औषध होतं. निरुपद्रवी केलेल्या एका विषाणूच्या पाठीवर दुरुस्त जनुक बसवायचा आणि सलाइनमधून तो शरीरात सोडायचा. डॉक्टरबाईंनी नवराबायकोला समोर बसवून सगळं उलगडून सांगितलं होतं. "शरीर या विषाणूला एकदाच आत येऊ देतं. मग त्याला ओळखून ठेवतं. दुसऱ्यांदा द्यायला गेलो तर दारातच अडवेल. म्हणजे जी मात्रा मिळेल, ती पहिली आणि शेवटची. पहिल्या तीन मुलांना आम्ही लहान मात्रा देणार. अपाय होत नाही ना, हे आधी पाहावं लागतं."

"लहान मात्रा पुरेल?" माऊच्या आईने विचारलं.

"माहीत नाही. पुरली नाही, तर पुढच्या मुलांना मोठी देऊ. त्या मुलांत तुमचा टिल्लू असेल."

दुसऱ्या दिवशी माऊच्या आईने कागदावर सही केली. एका लेकराची एकुलती एक संधी दुसऱ्यासाठी वाट चाचपायला खर्ची पडते आहे, हे दोघांनाही कळत होतं. आणि दोघांनीही ते एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही.

माऊला आधी चार पायऱ्या चढायला अकरा सेकंद लागत. औषधानंतर सहा महिन्यांनी सात लागले. डॉक्टरबाईंनी तो आकडा फळ्यावर लिहून त्याभोवती लाल गोल काढला. उरलेल्या दोन मुलांचे आकडे धड वरही जात नव्हते, धड खालीही येत नव्हते; सगळ्यांचे डोळे लागले होते ते माऊकडे. वर्षाअखेरची चाचणी कंपनीत पैसे गुंतवणाऱ्या फंडाच्या लोकांसमोर व्हायची होती. ती पाहून ते पैशांचा दुसरा हप्ता सोडणार होते.

फंडाचे साहेब पूर्वी एकदा आले होते, तेव्हा सुतार खिडकीची चौकट बसवत होता. साहेब उंच, मृदू आवाजाचे, चहात साखर न घेणारे. ते डॉक्टरबाईंना म्हणाले होते, "आमच्या फंडाची मुदत दहा वर्षांची. त्यातली सहा सरली. तुमच्या जनुकांना घाई नसते हो, आम्हाला असते." दोघंही हसली होती. सुताराला मात्र वरच्या मजल्यावरची कंपनी आठवली. तिथे रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी बदलून त्यांचं औषध करत. गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला आणि महिन्याभरात सगळं आटोपलं. तिथली टेबलं सुतारानेच सुटी करून खाली उतरवली होती. एका टेबलाच्या खणात कुणा मुलाने रंगवलेलं आभाराचं पत्र राहून गेलं होतं. ते कोणाला द्यावं हे न कळून त्याने घरी नेलं आणि अजून जपून ठेवलं होतं.

म्हणून, चाचणीला तीन आठवडे उरले असताना, माऊ घराचा उंबरा ओलांडताना पुन्हा गुडघ्यावर हात टेकते आहे हे त्याने पाहिलं, तेव्हा तो कोणालाही काही बोलला नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंचा फोन आला. "मिस्त्री, जिन्याचा कठडा डुगडुगतोय. साहेब लोक यायच्या आत तेवढा बघून टाका."

त्याने जिना टेम्पोत घालून घरापुढच्या आपल्या कारखान्यात आणला. रविवारची सकाळ होती, मागच्या खोलीत मुलांची भांडणं चालली होती, दारातून तिरपं ऊन येत होतं. कठडा दोन स्क्रूंत घट्ट झाला. तो जिन्यापाशी बराच वेळ उभा राहिला. मग त्याने बाजूच्या दोन्ही फळ्या नव्याने आखल्या, कापल्या, आणि प्रत्येक पायरीची उंची दीड सेंटिमीटरने कमी केली. तसाच रंग दिला. जुन्या फळीवरचा ओरखडादेखील नव्या फळीवर जिथल्या तिथे काढला. एवढ्या निगुतीने त्याने आयुष्यात दुसरं काम केलं नव्हतं. माऊला जमलं नाही तर ही कंपनीही बंद पडेल, पैसे आले की टिल्लूला मोठी मात्रा मिळेल; या एका विचाराच्या आधाराने त्याचे हात चालत होते.

चाचणीच्या दिवशी माऊने नवा फ्रॉक घातला. "बाबा, पैसेवाले काका टाळ्या वाजवतात का?" तिने विचारलं.

"तू चढून तर दाखव. मी वाजवीन."

घड्याळ हातात घेतलेल्या फिजिओताईने "चल" म्हटलं. माऊ चढली. सात सेकंदही लागले नाहीत. साहेबांनी खरोखरच टाळ्या वाजवल्या. वरच्या फळीवरून माऊ बापाच्या कानाशी वाकली आणि कुजबुजली, "बाबा, आज जिना सोपा झालाय."

त्याने तिला उचलून खाली घेतलं. इतकं घट्ट धरलं, की ती म्हणाली, "दुखतंय."

साहेब गेल्यावर डॉक्टरबाई व्हरांड्यात आल्या. वर्षभरात त्यांच्या चेहऱ्यावर एवढा उजेड कोणी पाहिला नव्हता. "मिस्त्री, झालं! दुसरा हप्ता मंजूर. आणि वर्ष झालं तरी लहान मात्रा टिकली, म्हणजे आता सगळ्यांना तीच. एका मोठ्या मात्रेला लागतो तेवढ्या विषाणूत पाच मुलांचं होतं. साहेब म्हणाले, एवढ्याशाने भागतंय तर पाचपट कशाला खर्चायचं? मलाही ते पटलं."

सुतार पुढे सरकला. "टिल्लूला?"

"तीच मात्रा. पुढच्या महिन्यात त्याचा पहिला नंबर."

"आणि मॅडम... आज माऊला जमलं नसतं तर?"

"तर मोठी मात्रा. करारातच तशी सोय करून घेतली होती मी. पैसे कमी आले असते, मुलंही कमी घेता आली असती. पण काम थांबलं नसतं. कराराचं हे कलम तुम्हाला सांगायची परवानगी नव्हती मला, नाहीतर चाचणीवर दडपण आलं असतं." त्या हसल्या. "जाऊ द्या. ती वेळच आली नाही."

घरी पोचल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती पीठ मळत होती. हात तसेच परातीत राहिले.

"लाकूड तासता तासता अक्कलही तासून टाकलीत का हो?" तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "मला विचारायचं तरी. मी काय परकी आहे?"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणून नाही विचारलंत."

बोटांचं पीठ परातीच्या कडेला पुसत ती म्हणाली, "गप्प बसलो, तर?"

"तर त्याला माऊएवढंच मिळेल. वर्षभर पळेल, मग..."

"आणि सांगितलं तर?"

तिने परातीवर फडकं टाकलं. "माऊला पायरी सोपी लागली ना? त्या पोरीला कळलं. उद्या सकाळी जा."

सकाळी तो टेप घेऊन गेला. डॉक्टरबाईंसमोर गुडघ्यांवर बसून त्याने पहिल्या पायरीला टेप लावला आणि सरकून त्यांना जागा करून दिली. त्या वाकल्या. साडेतेरा. दुसरी पायरी त्यांनी स्वतः मोजली, तिसरी मोजली, चौथी मोजलीच नाही.

"मी आजच्या आज पंधराची करून देतो," तो म्हणाला. "पुन्हा चढवा तिला. ती पुन्हा गुडघ्यावर हात टेकतेय मॅडम, तीन आठवड्यांपासून. खरं ते दिसेल. मग मोठी मात्रा..."

"पुन्हा का चढवली, ते लिहावं लागेल मिस्त्री."

"लिहा ना. माझं नाव लिहा. गुन्हा माझा आहे."

डॉक्टरबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या. "फंडवाले हिशेब चुकला म्हणाले असते, तर मी पुन्हा मांडून दाखवला असता. पण माझा जिनाच खोटा होता, याला काय उत्तर देऊ? आजवरचा एकेक आकडा याच्यावरच मोजलाय. यापुढे माझ्या कोणत्या मापावर ते विश्वास ठेवतील?"

दडपून टाकायचा मोह त्यांना झाला की नाही, हे सुताराला कधीच कळलं नाही. त्या उठल्या, केबिनमध्ये गेल्या, दार लावून घेतलं. काचेतून त्यांची पाठ आणि कानाला लावलेला फोन तेवढा दिसत होता.

फंडाकडून कोणी रागाचा शब्द काढला नाही. आठवड्याने पाच ओळींचं सभ्य पत्र आलं: कंपनीच्या मोजमापांवर विसंबणं आता शक्य नाही, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. डॉक्टरबाईंनी आणखी चार फंडांचे उंबरे झिजवले. दोघांनी भेट दिली. जिन्याची गोष्ट दोघांनाही आधीच ठाऊक होती. त्या सुतारावर एकदाही ओरडल्या नाहीत. खोल्या रिकाम्या करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी त्यालाच बोलावलं आणि दोघांनी मिळून टेबलं सुटी केली.

"जिना घेऊन जा," शेवटी त्या म्हणाल्या. "लाकूड चांगलं आहे."

मोडायचा म्हणून त्याने तो कारखान्याच्या कोपऱ्यात ठेवला आणि मोडायचं राहत गेलं. माऊ आता तिथेच खाटेवर बसून असे. उंबरा तिच्यासाठी बापाने कापून सपाट केला होता. टिल्लूला मात्र नवा खेळ सापडला होता. दिवसभर वर-खाली, वर-खाली.

"बाबा, मोज ना! ताईला मोजायचे तसं."

"मोजू नको रे बाबा," माऊ खाटेवरून म्हणाली, "हा लबाडी करतो. मधली पायरी गाळतो."

"नाही गाळत! बघ हं बाबा."

सुताराने रंधा खाली ठेवला आणि मोजायला सुरुवात केली. एक, दोन. टिल्लूने पहिली पायरी घेतली, दुसरी घेतली. तीन. तिसरी घेतली. चौथ्या पायरीपाशी तो किंचित थांबला, जीभ दातांत धरली आणि डावा हात गुडघ्यावर टेकून वर आला.

"किती झाले?" त्याने विचारलं.

माऊने बापाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं होतं.

"किती झाले, बाबा?"