मुबारकबीची बाज आणि वितळणारी चरबी

मित्रांनो, चार पाय असूनही मी जन्मात स्वतःहून एक पाऊल टाकलेलं नाही. जिथे ठेवाल तिथे पडून राहायचं, हे आम्हा बाजांचं नशीब. पण माझी तक्रार नाही. शेवगावातल्या मुबारकबीच्या अंगणात माझं आयुष्य गेलं आणि बरंचसं सुखात गेलं.

माझी चौकट बाभळीची, विणकाम काथ्याच्या दोराचं. सहादेव सुताराने पाय असे ठोकून बसवले, की अजून एकही कुरकुरत नाही. लोकांना वाटतं, बाज झोपायलाच असते. माझं खरं काम शेवयांचं. ईद जवळ आली की मुबारकबी रवा मळायची, हाताने बारीक शेवया ओढायची आणि माझ्यावर धुतलेली ओढणी पसरून त्या वाळत घालायची. मग चिमण्या हाकलत शेजारी उन्हात बसून राहायची. पलीकडची गोजरबाई गप्पांना यायची आणि म्हणायची, "तुझ्या हातासारकी शेवई मशीनला जमायची न्हाई!" कौतुक मुबारकबीचं, पण ताठ व्हायचे माझे दोर.

पुढे तिचा मुलगा उझैर कमवू लागला. आई उन्हात करपते म्हणून त्याने सगळ्या अंगणावर पत्रे टाकले. प्रेमानेच केलं बिचाऱ्याने. शेवया बाजारातून यायला लागल्या. मला भिंतीशी उभं केलं आणि माझ्या पायाला सायकलचं जुनं टायर अडकवलं. मला फार वाईट वाटलं. मुबारकबी घरात टीव्हीपुढे बसू लागली.

वर्षं गेली तसे तिचे पाय दुखू लागले. चार पावलं चालली तरी थकायची. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या लीना डॉक्टर एकदा रिपोर्ट घेऊन घरीच आल्या.

"मावशी, ड जीवनसत्त्व फार कमी आहे. आणि रक्तातली वाईट चरबी वाढलीय."

"एकामुळं दुसरं झालं का?" उझैरने विचारलं.

"ही दोन्ही पुष्कळदा एकत्र सापडतात. पण एका चाळीत दोन भाडेकरू दिसले, म्हणून एकानेच दुसऱ्याला आणलं असं कसं म्हणायचं? तसं असेलही. किंवा नुसतं घरात बसून राहण्यानं दोघांना जागा मिळाली असेल. त्याचा नक्की निकाल अजून लागलेला नाही. म्हणून उपाय दोघांवर वेगळा. ड जीवनसत्त्वाची पुडी दुधातून घ्या, थोडं ऊन घ्या, चाला, तळलेलं कमी करा. आणि चरबीची गोळी रोज, न चुकता. तुमचा भाऊ हृदयाच्या झटक्यानं गेलाय, विसरू नका."

डॉक्टर गेल्या आणि गोजरबाई आली. "मुबारक, थिजलेलं तूप उन्हात ठिवलं की पातळ हुतं का न्हाई? मग रगतातली चरबी बी वितळल की! गोळ्या कशाला खातीस?"

जन्मभर तुपाची बरणी उन्हात ठेवणाऱ्या मुबारकबीला ते लगेच पटलं. तिने मला दारापुढे उन्हात काढलं. किती दिवसांनी अंगाला ऊन लागलं! मी हरखून गेले. पुडी ती घ्यायची, कारण पुडी उन्हाची बहीण. पण चरबीची गोळी मात्र हळूच माझ्या पायथ्याच्या विणीत खुपसायची. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

पुन्हा रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व वर आलं होतं, पाय हलके झाले होते. चरबी मात्र तसूभर हलली नव्हती. "गोळी जास्त ताकदीची द्यावी लागेल," म्हणताना डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

ईद तोंडावर आली. पाय बरे झालेत, यंदा शेवया घरीच करणार, असं मुबारकबीने ठरवलं आणि उझैरला माझे सैल दोर ताणायला सांगितले. स्वतःच काय लपवलंय, हे ती शेवयांच्या आनंदात विसरली. त्याने दोर ओढला आणि माझ्या पोटातून टपटप गोळ्या फरशीवर पडल्या.

उझैरने खाली बसून एकेक गोळी वेचली. "अम्मी, मामूपण गोळ्या टाळायचे. 'मला काय होतंय,' म्हणायचे!"

"तुपासारखी वितळेल वाटलं रे," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

शेवयांच्या मदतीला आलेली गोजरबाईही ओशाळली. "तूप बरनीत असतंय. माणूस म्हंजी बरनी न्हवं. माजंच चुकलं बाई."

त्या आठवड्यात उझैरने अंगणावरचे निम्मे पत्रे काढले. ईदच्या शेवया माझ्याच अंगावर वाळल्या आणि चिमण्याही परत आल्या.

मित्रांनो, जुनी वस्तू अडगळीत टाकण्याआधी तिच्याबरोबर घरातलं आणखी काय जातंय ते बघा. माझ्याबरोबर या घरातलं ऊन गेलं होतं. पण ऊन परत आलं म्हणून औषध सोडू नका. ज्याचं काम त्यालाच करू द्या.

आता रोज सकाळी मुबारकबी माझ्यावर बसून सगळ्यांसमोर गोळी घेते. उझैर तरीही हसत हसत माझ्या विणीत बोटं फिरवून बघतो. हाताला काही लागत नाही, तेव्हा आम्हा तिघांनाही बरं वाटतं.