चामड्याची बाहुली

पारेमास्तरांना गावातल्या सगळ्या दवाखान्यांत मान होता. चाळीस वर्षं त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत रक्तदाबाची यंत्रं दुरुस्त केली. त्या यंत्रांतला मळका पारा ते मऊ चामड्यात बांधून पिळत. खालच्या वाटीत लख्ख पारा उतरे आणि घाण चामड्यात राही. चामडं जुनं झालं तरी मास्तर ते फेकत नसत. फेकणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

मग देशोदेशीच्या सरकारांनी एकत्र बसून करार केला, पारा हद्दपार करायचा. मास्तर भडकले. "कुठे लांब बसून सह्या ठोकतात आणि माझ्या पोटावर पाय देतात! पारा म्हणजे काय वाघ आहे?" पण सत्तेपुढे शहाणपण चालत नाही. त्यांनी बाटल्या सरकारजमा केल्या, खोली धुतली, रंगवली आणि तिथे सहा वर्षांच्या नातीची खाट लावली.

त्यानंतर वर्षभरात नातीची अक्षरं वाकडी होत गेली. तळवे लाल होऊन सोलवटले. कुणी आलं की ती दाराआड लपे. पेन्सिल धरताना तिचा हात थरथरला की सून हसून म्हणे, "हात अगदी आजोबांवर गेलाय!" मास्तरांचा हात तर वीस वर्षं थरथरत होता. वय झालं, एवढंच ते म्हणत.

एका सकाळी सरकारी तपासनीस बाई आल्या. पूर्वी जिथे जिथे पाऱ्याचं काम चालायचं, त्या सगळ्या खोल्या तपासायच्या होत्या. हवेतला पारा हुंगणारं एक यंत्र त्यांच्या हातात होतं. भिंतीपाशी आकडा लहान. फरशीच्या फटीत जरासा मोठा.

"बघा, नुसता देखावा," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात यंत्र किणकिणलं. बाई जागच्या हलल्या नव्हत्या, तरी आकडा चढत होता. त्यांनी वळून पाहिलं. दारात नात उभी होती. ती एक पाऊल पुढे आली, आकडा वाढला. घाबरून मागे सरली, आकडा उतरला. यंत्राला पोरीचा वास लागलाय, असं वाटून मास्तरांच्या अंगावर काटा आला.

बाई खाली बसल्या. "बाळ, ही बाहुली कुठली?"

पोरीनं छातीशी धरलेली बाहुली आणखी घट्ट केली. "आजोबांनी शिवली. ही माझ्या उशीवर झोपते."

जुन्या चामड्याची, मऊसूत बाहुली. मास्तरांनी ती हळूच काढून घेतली आणि तिचं पोट दाबलं. शिवणीतून एक चंदेरी थेंब बाहेर आला, त्यामागे दुसरा. दोघं तळहातावर घरंगळत एक झाले आणि त्यात मास्तरांना स्वतःचा चेहरा दिसला, अगदी इवलासा.

"अजिबात हलू नका," बाई म्हणाल्या. थेंब त्यांनी बाटलीत घेतला, बाहुली पिशवीत घालून तोंड बांधलं. "दोघांचंही रक्त तपासायला हवं, बाबा. आजच."

"माझं मरू द्या हो! आधी तिचं बघा," मास्तर ओरडले आणि त्यांना रडू फुटलं.

नातीला काही कळलं नाही. तिनं हात पुढे केला. "आजोबा, द्या ना माझी बाहुली."

तो हात थरथरत होता. सून दारात उभी होती. ती हसली नाही.