चौदा छेद चोवीस

आठवी 'ब'चे घटक चाचणीचे पेपर तपासायला दिनानाथ सरांकडे आले होते. आपल्या वर्गाचे पेपर आपण तपासायचे नाहीत, असा कात्रपच्या त्या शाळेचा नियम होता. प्रश्नपत्रिका मात्र सरांनीच काढलेली होती. अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, वीस गुणांची. 'ब' म्हणजे दरवर्षी रडणारा वर्ग. अर्ध्या तासात गठ्ठा संपेल अशा हिशेबाने ते बसले आणि सहाव्या पेपरला थांबले.

पाच षष्ठांशातून एक चतुर्थांश वजा. उत्तर सात छेद बारा. या पेपरात लिहिलं होतं चौदा छेद चोवीस. चूक नाही, पण असं कोणी लिहीत नाही. लसावि काढला की बारा येतो, चोवीस येतच नाही. सरांनी मागचे पेपर उलटून पाहिले. तिथेही चौदा छेद चोवीस. पुढच्यातही. अडतीस मुलांपैकी एकोणीस जणांनी हेच लिहिलं होतं, आणि एकाही पेपरात लसावि नव्हता. पायऱ्या नाहीत, गुणाकार नाही, थेट उत्तर. समासात मात्र खोडरबराने पुसल्याच्या काळपट खुणा होत्या.

सव्वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. कोणीतरी उत्तरं आधीच दिली होती.

'ब'ला गणित शिकवायला जूनमध्ये चैत्राली मॅडम आल्या होत्या. उल्हासनगरला कुठल्याशा क्लासमध्ये शिकवायच्या, वय सत्तावीस-अठ्ठावीस. चाचणीच्या दोन दिवस आधी त्या स्टाफरूममध्ये एकट्याच होत्या, आणि प्रश्नपत्रिका ठेवलेलं सरांचं कपाट उघडं होतं. हे सरांना आता आठवलं. त्या वेळी त्यात काही वाटलं नव्हतं.

मग त्यांचं लक्ष सारखं तिकडेच जाऊ लागलं. 'ब'च्या तासाला दार लावलेलं असायचं. आतून पाढे नाहीत, फळ्यावर खडूचा आवाज नाही, नुसती कागदांची सळसळ. तास संपला की मॅडम मुलांकडून सगळे कागद मोजून परत घ्यायच्या, पिशवीत घालायच्या आणि घरी न्यायच्या. एकदा पाण्याच्या नळापाशी 'ब'मधल्या दोन मुली दिसल्या. एकीने तीन बोटं उभी धरली, दुसरीने त्यांच्यावर चार बोटं आडवी ठेवली, आणि दोघी एकदमच म्हणाल्या, "बारा!" सर दिसताच त्यांनी हात मागे घेतले.

खुणांची भाषासुद्धा ठरलेली आहे, सरांना वाटलं. त्यांनी त्याच दुपारी मुख्याध्यापिका कुमुदिनी मॅडमना लेखी तक्रार दिली.

"नाव घेऊन लिहिलंत?" कुमुदिनी मॅडमनी कागद वाचून विचारलं.

"घेतलंय. मला खात्री आहे."

"बघा हं, दिनानाथ सर. संस्थेकडे प्रत पाठवावी लागेल मला."

"पाठवा."

एकोणीस जणांत सर्वांत जास्त उडी तेजलची होती. गेल्या चाचणीत वीसपैकी तीन, या वेळी सतरा. म्हणून दुसऱ्या दिवशी तिला आणि तिच्या वडिलांना कुमुदिनी मॅडमनी आपल्या ऑफिसात बोलावलं. वडील रघु, शिरगावचे. घरची थोडी शेती उरली होती, पोट मात्र अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कारखान्यावर चालत होतं. अर्ध्या पाळीतून सुटून ते तसेच आले होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"माजी पोर चोरी करनार नाय," ते म्हणाले. "नापास झाली तं झाली. आमी कदी काय बोल्लो नाय. पन चोरी नाय, मॅडम."

तेजल खाली बघत उभी होती. सरांनी पेपर तिच्यासमोर ठेवला.

"हे उत्तर कुणी सांगितलं?"

"कोणी नाही, सर."

"मग लसावि कुठाय?"

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आता त्यांनाही शंका आलेली दिसत होती, आणि ते पाहून तेजलचा चेहरा उतरला.

"कागद द्या ना, सर," ती एकदम म्हणाली.

सरांनी कागद दिला आणि प्रश्नपत्रिकेत नसलेलं गणित जागच्या जागी घातलं. तीन पंचमांश अधिक एक द्वितीयांश.

तेजलने एक चौकट काढली. उभ्या रेघांनी तिचे पाच पट्टे केले आणि तीन पट्ट्यांवर फिकट पेन्सिल फिरवली. मग मधोमध एक आडवी रेघ मारली. "आता घरं दहा झाली. तीन पट्ट्यांची सहा." शेजारी तेवढीच दुसरी चौकट काढली, तिचीही तशीच दहा घरं केली आणि वरची ओळ रंगवली. "अर्ध्याची पाच." मग या चौकटीतली चार घरं बोटाने पलीकडे सरकवल्यासारखी केली. "ही भरली. एक घर उरलं. एक पूर्ण आणि एक दशांश."

रघु वाकून कागदाकडे बघत होते.

पण सरांचं समाधान झालं नाही. हे एक गणित घोकून घेतलेलं असू शकतं. "अंश-अंशात मिळव, छेद-छेदात मिळव. तीन आणि एक चार, पाच आणि दोन सात. चार सप्तमांश का नाही?"

तेजलने पहिल्यांदाच वर पाहिलं. "तीन पंचमांश म्हणजे अर्ध्याहून जास्त ना, सर? त्यात अजून अर्धा घातला तर एकाच्या वर जाणारच. चार सप्तमांश तर एकापेक्षा कमी आहे."

इतक्या वर्षांत ही चूक सरांनी हजारो वेळा लाल शाईने कापली होती. ती चूक का आहे, हे एकाही मुलाने त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

"आणि ते चौदा छेद चोवीस?" त्यांचा आवाज खाली आला होता.

"सहा उभे पट्टे, चार आडवे. घरं चोवीस होतात. वीसमधून सहा गेली." ती थांबली. "दोन-दोन घरं जोडली की बारा होतात, सर. पण पेपरात जोडायला सांगितलं नव्हतं."

कुमुदिनी मॅडमनी प्रश्नपत्रिका उघडली. 'संक्षिप्त रूप द्या' असं तिथे खरंच नव्हतं.

"मग चित्रं पुसलीस का?" त्यांनी विचारलं.

तेजलने सरांकडे चोरून पाहिलं. "पेपर सर तपासणार होते ना. सातवीत मी वहीत पोळी काढून भाग केलेले, तेव्हा सर म्हणाले, हा चित्रकलेचा तास नाही. म्हणून सगळ्यांनी ठरवलं, उत्तर आलं की पुसून टाकायचं."

मग दिनानाथ सर उठले आणि रघुंसमोर जाऊन उभे राहिले.

"चूक माझी आहे. तुमच्या मुलीने काही केलेलं नाही. तुमची पाळी बुडाली, त्याबद्दलही मला माफ करा."

रघुंनी नुसती मान हलवली आणि तेजलच्या पाठीवर हात ठेवून तिला बाहेर नेलं.

चैत्राली मॅडमना सगळं सांगायचं काम सरांनी स्वतःच केलं. त्या ऐकत राहिल्या. कागद परत का घेता, या प्रश्नावर त्यांनी पिशवी टेबलावर पालथी केली. ते कागद नव्हतेच, वह्यांच्या जुन्या प्लास्टिक कव्हरांचे कापलेले तुकडे होते. काहींवर उभ्या रेघा, काहींवर आडव्या, एकावर एक ठेवले की घरं पडायची. "पुन्हा पुन्हा वापरते, सर. दार लावते ते पलीकडच्या वर्गाला त्रास नको म्हणून." मग तुकडे गोळा करता करता म्हणाल्या, "तुम्ही मला विचारायचं होतंत. दोन टेबलं सोडून तर बसता."

संस्थेला सरांनी दुसरं पत्र लिहिलं. पहिल्या पत्रातलं प्रत्येक वाक्य चुकीचं कसं होतं, तेही त्यात लिहिलं. चैत्राली मॅडम तरी पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होत्या, आणि चहाला दुसऱ्या टेबलावर बसत होत्या.

एका मंगळवारी सर परवानगी घेऊन 'ब'च्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मुलं दबकून होती. मॅडमनी फळ्यावर गणित लिहिलं, सात छेद अठरा अधिक पाच छेद बारा. पेन्सिली चालू झाल्या, आणि थोड्याच वेळात तेजलने हात वर केला.

"मॅडम, दोनशे सोळा घरं होतायत. एवढी कोण काढणार?"

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. त्यांनी शेवटच्या बाकाकडे बघून खडू पुढे केला. "सर, छत्तीस घरांत कसं भागतं, ते तुम्ही सांगता?"

दिनानाथ सर फळ्यापाशी गेले. लसावि हा शब्द लिहिण्याआधी त्यांनी एक चौकट काढली. ती जरा वाकडीच आली.