देठाकडची चकती

शांतव्वाच्या हातात दुधी आला की आधी देठाकडची एक पातळ चकती उतरवायची. ती जिभेच्या टोकाला लावायची, क्षणभर थांबायचं, मागच्या दारातून पचकन थुंकायचं आणि मगच बाकीचा दुधी विळीवर घ्यायचा. काकडी असो की दोडका, रीत हीच. शिवलीला सून होऊन या घरात आली त्याला वीस वर्षं झाली होती आणि वीस वर्षं ती सासूचं हे थुंकणं बघत आली होती. इतकं बघितलं की ते दिसेनासं झालं.

एकदाच काय ते डोळ्यांत भरलं. परसातल्या वेलाचा दुधी होता, दिसायला कोवळा, नखानं साल निघेल असा. म्हातारीनं चकती जिभेला लावली आणि तिचं तोंड वाकडं झालं. तिनं तीनदा चूळ भरली. मग तो अख्खा दुधी घेऊन ती परसात गेली आणि कुदळीनं खड्डा काढून पुरून आली. गोठ्यात म्हैस बांधलेली होती, तिच्यापुढं टाकला असता तर तिनं आनंदानं खाल्ला असता.

"म्हशीला का घातला न्हाई, अत्ती?" शिवलीलानं विचारलं. सीमेकडच्या लिंगायत घरांत सासूला अत्ती म्हणतात, तसं तीही म्हणायची.

"म्हस मुकी हाय," शांतव्वा हात धूत म्हणाली. "तिला थुकता येत न्हाय."

शिवलीला हसली होती. पुढं ते हसू तिला फार महागात पडलं.

त्यांचं घर कोल्हापुरात, कळंब्याच्या अंगाला. लेक शांभवी शिकायला पुण्याला गेली आणि तिचा कॉम्प्युटर घरात रिकामा राहिला. सुट्टीत येऊन तिनंच आईला मराठी टाइप करायला शिकवलं, ब्लॉग काढून दिला, त्याला 'परसातलं ताट' असं नावही दिलं. ही दोन हजार सातची गोष्ट. गल्लीत तेव्हा ब्लॉग म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. "प्रभुलिंगाची बायको कॉम्प्युटरवर आमटी करती," एवढंच लोक म्हणायचे.

पण दोन वर्षांत शिवलीलाची शिवाताई झाली. मैदा नको, साखर नको, पाकिटातलं काही नको. नाचणीची आंबील, जवसाची चटणी, घाण्याचं तेल, काकवी. तिच्यासारख्याच दहाबारा जणी होत्या, कुणी पुण्याची, कुणी दुबईची, एक तर थेट अमेरिकेत. एकमेकींच्या पाककृती करून बघायच्या, फोटो टाकायचे, आजारांवर उपाय सांगायचे. डॉक्टर त्यांच्यात एकही नव्हती, पण सांगताना कुणाची जीभ अडखळत नव्हती. स्तुती करताना तर कुणी हात आखडता घेत नसे. शिवलीलाचं एक वाक्य या सगळ्यांत फार गाजलं होतं. कारल्यावर लिहिताना तिनं ते पहिल्यांदा लिहिलं, मग मेथीवर, मग कडुनिंबावर: जिभेला कडू ते जिवाला गोड.

दुधीच्या रसाचं खूळ तिनं असंच दुसऱ्या एकीकडून उचललं. सकाळी उपाशीपोटी, कच्च्या दुधीचा, पेलाभर. साखर उतरते, वजन उतरतं, रक्त शुद्ध होतं. शांतव्वानं नाक मुरडलं. "शिजवायला काय झालंय? चूल रुसलीया व्हय?" तरी सुनेच्या हट्टापायी तिनं दुधी आणून दिला, किसून दिला, फडक्यातून पिळून दिला. शिवलीला शेजारी वही घेऊन उभी होती आणि म्हातारी करेल ते जसंच्या तसं टिपत होती. चकती कापणं, जिभेला लावणं, थुंकणं, सगळं वहीत उतरलं.

ते टाइप करताना मात्र तिचा हात थांबला. वर पुदिन्याच्या पानाचा सुंदर फोटो, चकचकीत पेला, आणि खाली 'थुंकावे'. तिनं ते खोडून 'चव पाहून टाकून द्यावी' असं लिहिलं. तेही बरं दिसेना. अमेरिकेतली ती बाई काय म्हणेल, की कोल्हापूरकडं स्वयंपाकात थुंकतात? तिनं ती ओळच काढून टाकली. हे काय कुणाला सांगावं लागतं, असं तिनं मनाशी म्हटलं आणि पाककृती लावून टाकली. तिच्या ब्लॉगवर इतकं काही कधीच वाचलं गेलं नव्हतं.

शबनूर तिला या रसामुळंच भेटली. पेठ वडगावची, पंचविशीची पोरगी. घराच्या पुढच्या खोलीत टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवायची. बाप बादशहाभाई बांगड्यांचा व्यापारी, अंगात दहा वर्षांची साखर. शबनूरनं ब्लॉग वाचून त्यांना रस सुरू केला, गोळ्यांच्या जोडीला. परसात दुधीचा वेलही चढवला. पुढं ती स्वतःही ब्लॉग लिहू लागली आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी शिवाताईंचे आभार मानू लागली.

संक्रांतीनंतर शिवलीला मुद्दाम वडगावला जाऊन त्यांना भेटून आली होती. बादशहाभाईंनी तिला दुकानात बसवलं, हात मऊ करून हिरव्या काचेच्या बांगड्या भरल्या. एकही बांगडी पिचली नाही. "रोज सकाळी तुमचं नाव घेऊन पितो बघा," ते म्हणाले. "माझी लेक माझं ऐकत न्हाई, पर तुमचं ऐकती." शिवलीलाला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. बांगड्या अजून तिच्या हातात होत्या.

मे महिना. त्या वर्षी ऊन असं होतं की परसातला वेल दुपारी मान टाकायचा. गुरुवारी सकाळी सातच्या सुमारास शिवलीलानं चहा ठेवला आणि नेहमीप्रमाणे कॉम्प्युटर उघडला. दुधीच्या रसाखाली शबनूरचा प्रश्न होता.

'शिवाताई, आजचा रस कडू निघाला. अब्बांनी अर्धाच प्यायला. बाकीचा देऊ का?'

चहा उतू जायच्या बेतात होता. शिवलीलानं उभ्याउभ्याच उत्तर लिहिलं. विचार करायची गरजच नव्हती, वाक्य बोटांत तयार होतं. 'जिभेला कडू ते जिवाला गोड! निर्धास्त द्या.' आणि ती चहाकडं पळाली.

दुपारी बाराला भारनियमनाची लाईट गेली. पंखा थांबला. शांतव्वा मागच्या दारात विळी घेऊन बसली होती, शिवलीला पदरानं वारा घेत तिच्यापाशी टेकली. समोर दुधी होता. म्हातारीनं चकती उतरवली, जिभेला लावली, थुंकली. ते बघून शिवलीलाला सकाळचं आठवलं आणि तिनं ते सहज, कौतुकानंच सांगितलं. वडगावच्या बादशहाभाईंचा रस कडू निघाला, लेकीनं मला विचारलं, बघा किती विश्वास.

विळीवरचा हात थांबला.

"कडू? आन् पिला?"

"अर्धा पिला. मग विचारलं मला."

"तू काय सांगितलंस?"

शिवलीलानं आपलं वाक्य म्हणून दाखवलं. अर्ध्यावरच तिचा आवाज बसला, कारण म्हातारीचा चेहरा तिला दिसत होता. परसातला तो खड्डा तिला आठवला.

"कारलं कडू आसतंय ती त्याची जात हाय," शांतव्वा हळू म्हणाली. "दुधी कडू झाला की इख हुतंय. एवढं तुला ठावं न्हाई? ऊठ. फोन लाव."

शबनूरचा फोन दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा शेजारच्या बाईनं उचलला. बादशहाभाईंना दवाखान्यात नेलं होतं. आठ वाजल्यापासून उलट्या, आणि आता उलटीतून रक्त पडत होतं.

शिवलीला तशीच निघाली. वडापच्या जीपमध्ये माणसावर माणूस होतं, बाहेरून भट्टीसारखा वारा येत होता. सगळ्या वाटेवर ती एकच हिशेब मांडत होती, की अर्धाच प्यायले असतील. उत्तर वाचेपर्यंत रस ओतून दिला असेल. लाईट गेली असेल, उत्तर दिसलंच नसेल. देवाकडं तिनं पहिल्यांदाच असं मागितलं की माझं लिहिलेलं कुणी वाचलेलं नसू दे.

दवाखाना लहान होता. बाकावर शबनूर एकटीच बसली होती, ओढणीवर तपकिरी डाग. शिवलीलाला बघून ती उठली आणि तिचा हात धरला.

"ताई, तुमी आलासा, बरं झालं." तिचा आवाज कोरडा होता. "अब्बांनी आधी अर्धाच पिलता. म्हणाले, आज तोंडात घालवत न्हाई. मग मी तुमचं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं. तर हसले की. म्हणाले, शिवाताई म्हणती तर आण हिकडं. एका घोटात संपवला."

शिवलीला तिच्या शेजारी बाकावर टेकली.

"डॉक्टर सारखं इचारतायत, रस कडू हुता का, कडू हुता का," शबनूर म्हणाली. "पर कडू चालतो न्हवं, ताई? दुसरंच काय तरी झालं आसंल न्हवं?"

ती खरंच विचारत होती. तिच्या डोळ्यांत आरोप नव्हता, आणि तेच भयंकर होतं. सकाळी तिनं विचारलं तेव्हा उत्तर एका क्षणात सुचलं होतं. आता खरं उत्तर ठाऊक होतं आणि ते शिवलीलाला सांगवेना. "डॉक्टर आहेत ना, सांगतील," एवढंच ती पुटपुटली. तिला स्वतःची किळस आली, तरी पुढं बोलली नाहीच. आतून बादशहाभाईंच्या कण्हण्याचा आवाज येत होता. संध्याकाळी ती शेवटच्या जीपनं परत आली.

घरी लाईट होती. ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि बटण दाबायच्या आत प्रभुलिंगनं तिला अडवलं. तो लोखंडाच्या सामानाचा दुकानदार, सावध माणूस.

"हात लावू नगोस त्याला," तो म्हणाला. "आता पुसलंस तर गुन्हा कबूल केल्यागत हुतंय. उद्या कोण चौकशीला आलं तर काय सांगशील? जरा थंड हू दे. आन् आसं कोण वाचाय बसलंय?"

खरं सांगायचं तर तिला हेच ऐकायचं होतं. ते पान उघडायचं तिला धाडस नव्हतं. आपलंच वाक्य, त्यापुढचं ते उद्गारचिन्ह, आपण ज्या हौसेनं ते ठोकलं ती हौस, हे पुन्हा बघावं लागणार होतं. तिनं कॉम्प्युटरवर खोळ घातली आणि नवऱ्याच्या शहाणपणामागं लपली.

शुक्रवार गेला. वडगावहून निरोप यायचा, तो दर वेळी आधीच्यापेक्षा वाईट. नाडी हाताला लागत नाही, लघवी बंद झाली. शांतव्वा दिवसभर एकच विचारत होती.

"समद्यास्नी सांगितलंस का, पिऊ नगा म्हणून?"

"सांगते, अत्ती."

"कवा?"

शिवलीला भांडी घासायला बसायची. घासलेलीच भांडी पुन्हा घासायची.

शनिवारी सकाळी साडेनवाला शबनूरचा फोन आला. ती रडत नव्हती. "अब्बा गेले," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "ताई, डॉक्टरांनी सांगितलं मला. तुमाला ठावं न्हवतं न्हवं?" शिवलीला काही बोलायच्या आत फोन बंद झाला.

मग मात्र तिनं कुणाला विचारलं नाही. खोळ ओढून काढली. कॉम्प्युटर सुरू व्हायला जो वेळ लागला त्यात तिनं दोनदा पदरानं तोंड पुसलं. पान उघडलं. तिच्या उत्तराखाली गुरुवारीच कुणीतरी लिहून गेलं होतं, 'किती छान सांगता हो ताई.' त्याच्याखाली आणखी एक मजकूर होता. लिहिणारीचं नाव नव्हतं, नावाच्या जागी फक्त 'निनावी'. वेळ शुक्रवारी सकाळची.

'ताई, आमच्या दारचे दुधीही कडूच निघालेत. फेकून देणार होते, बरं झालं तुमचं उत्तर वाचलं. उद्या सकाळपासून घरात सगळ्यांनाच रस सुरू करतेय. धाकटी कुरकुर करेल, पण तिलाही देणार. जिभेला कडू ते जिवाला गोड!'

उद्या म्हणजे आज. भिंतीवरच्या घड्याळात दहाला पाच मिनिटं कमी होती.

शिवलीलाची बोटं चुकीच्या अक्षरांवर पडत होती. पिऊ नका. कडू दुधी विष असतो. माझं चुकलं, मी चूक सांगितलं, एक माणूस गेलं. दिलं असेल तर आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. खाली तिनं घरचा फोन नंबर लिहिला. मग आपलं जुनं वाक्य खोडलं, पाककृती खोडली, सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत तेच पुन्हा लिहिलं. बादशहाभाईंनी भरलेल्या बांगड्या कीबोर्डवर वाजत होत्या.

शांतव्वा भिंतीला धरत दारात येऊन उभी राहिली.

"कोण हाय ती?"

"नाव लिहिलं न्हाई, अत्ती."

"गाव?"

"न्हाई."

"किती माणसं हायती घरात?"

शिवलीलानं मान हलवली. म्हातारी पडद्याकडं बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. साठ वर्षांत तिनं जे कुणाला सांगितलं होतं ते कुंपणावरून, हाक मारून सांगितलं होतं.

"मग हाक कशी मारायची तिला?" ती म्हणाली.

शिवलीला पान पुन्हा पुन्हा उघडत राहिली. फोन तिनं मांडीवर घेतला होता, तो वाजला नाही. निनावीच्या खाली तिचंच उत्तर होतं आणि त्याच्याखाली काही नव्हतं. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. वडगावला जायचं होतं, पण तिला खुर्चीवरून उठवेना. बाराला लाईट गेली.